पंचेचाळिशीनंतरचं बॉक्सिंग: टाळ्या वाजवायच्या की टॉवेल टाकायचा?

खासबागकर:
अमेरिकेचा बॉक्सर जॉर्ज फोरमन २१ मार्च २०२५ ला गेला, तेव्हापासून आमच्या कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेच्या कट्ट्यावर एक वाद पेटलाय तो विझायचं नाव घेत नाही. म्हणून इथं टाकतोय. माझं म्हणणं सरळ आहे. फोरमनची सगळ्यात मोठी लढत १९७३ ची नव्हे, १९९४ ची.

१९७३ ला किंग्स्टनमध्ये त्यानं तेव्हाच्या विश्वविजेत्या जो फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा खाली घातलं. भारीच काम. पण तेव्हा गडी २४ वर्षांचा, नुसत्या ताकदीवर समोरच्याचा चुरा करायचा. ५ नोव्हेंबर १९९४ ला लास व्हेगासमध्ये तोच फोरमन ४५ वर्षांचा, पोट सुटलेला, वजन २५० पौंड, म्हणजे ११३ किलो. समोर मायकल मूरर. वय २६, डावखुरा, तोवर एकदाही न हरलेला, आणि सहा-सात महिन्यांपूर्वीच होलीफिल्डला हरवून विश्वविजेता झालेला. नऊ राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर फोरमन मागं होता. तोंड सुजलं तरी बाबा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारत राहिला आणि पोराला हळूहळू आपल्या उजव्या हाताच्या टप्प्यात आणत राहिला. मूररच्या कोपऱ्यातली माणसं बोंबलून सांगत होती, त्याच्या समोर उभा राहू नको म्हणून. दहाव्या राउंडला डावा, लगेच उजवा, थेट हनुवटीवर. आणि तो उजवा नीट बघा. लांबून फिरवून आणलेला नाही, जेमतेम हातभर अंतरावरून आलाय. मूरर पाठीवर, रेफरी दहा मोजून मोकळा, फोरमन आपल्या कोपऱ्यात गुडघ्यावर. अंगात तीच लाल चड्डी, वीस वर्षांपूर्वी किन्शासात मुहम्मद अलीच्या हातून हरताना घातलेली.

हे ताकदीचं काम न्हाई. तालमीत वस्ताद पोरांना सांगतात तेच आहे: वयानं जोर जातो, डाव जात नाही. तेव्हा चाळिशी उलटली की "आता पुरे, घरी बसा" म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

राजारामपुरीचा_पोरगा:
लिहिलंयस नादखुळा भावा, पण निम्मंच. पुढचं का गाळलंस? एप्रिल १९९५ ला ॲक्सेल शुल्झ नावाचा जर्मन आला. फोरमनचा डोळा सुजून बंद व्हायला आला होता. निकाल मात्र फोरमनच्या बाजूनं, आणि तो किती जणांना पटला ते जुने लेख काढून बघ. त्याच्या आधीच विश्वविजेत्याचा किताब देणाऱ्या संघटनांपैकी एकीनं किताब काढून घेतला होता, कारण त्यांनी ठरवलेल्या टोनी टकरशी हा लढायला तयार नव्हता. दुसरी संघटना म्हणाली शुल्झशी परत लढ, तर यानं पट्टाच सोडून दिला. एक उजवा बसला म्हणून त्याचं तत्त्वज्ञान करायचं असेल तर करा. नऊ राउंड मार खाल्ला त्याचं काय?

आणि डाव जात नाही म्हणतोस, मग अलीचा कुठं गेला होता? २ ऑक्टोबर १९८०, समोर लॅरी होम्स, जो आधी अलीचाच सरावातला जोडीदार. अली ३८ चा, म्हणजे तुझ्या फोरमनपेक्षा सात वर्षांनी लहान. औषधं घेऊन वजन उतरवलेलं, केस काळे केलेले, बघायला एकदम झकास. दहा राउंड झाले, एकही त्याच्या नावावर नाही. होम्सलाच मारायला नको वाटत होतं. शेवटी अलीचा वस्ताद अँजेलो डंडीनं लढत थांबवली. तुझ्या कट्ट्यावर ही लढत लाव एकदा, मग टाळ्या किती पडतात ते कळव.

उत्तरेश्वरची_डॉक्टर:
मी साधी जनरल प्रॅक्टिस करते, मेंदूची तज्ज्ञ नाही. पण माझे वडील बॉक्सिंगचे वेडे, त्यामुळे घरात हे सगळं कानावर पडलेलं आहे.

खासबागकर दादा, तुमचं अर्धं बरोबर आहे. वयानं आधी जातात पाय, मग दिसलं-आणि-हाललं यातला वेग. ठोशातला जोर सगळ्यात शेवटी जातो. म्हणून जड वजनगटात म्हातारा माणूस धोकादायक राहू शकतो. पण मार पचवायची ताकद डाव शिकून वाढत नाही. डोक्याला लागलेलं साठत जातं. फोरमनच्या बाबतीत एक गोष्ट सगळे विसरतात: तो १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं रिंगमध्ये नव्हता, चर्चमध्ये प्रवचनं करत होता. ऐन २८ ते ३८ वयात त्याच्या डोक्यावर कुणी ठोसे घातले नाहीत. अलीच्या नशिबी ती सुट्टी नव्हती.

दुसरं नाव जेरी क्वारी. अलीशी दोनदा, फ्रेझरशी दोनदा लढलेला. १९९२ ला ४७ व्या वर्षी परत उतरला, तेही कोलोराडोत, कारण तिथं तेव्हा परवाना विचारणारं कुणी नव्हतं. सहा राउंड मार खाऊन हरला. पुढं पुढं त्याला स्वतःचे कपडे घालायला आणि जेवायला घरच्यांची मदत लागायची. १९९९ च्या जानेवारीत ५३ व्या वर्षी गेला. फोरमनचं चित्र भिंतीवर लावता, तर शेजारी याचंही लावा.

खासबागकर:
ताई, क्वारीचं वाचून वाईट वाटलं, पण त्याला परत उतरवणाऱ्यांना फोडून काढा, वयाला कशाला? बर्नार्ड हॉपकिन्स घ्या. पहिलीच व्यावसायिक लढत हरलेला, त्याआधी जवळपास पाच वर्षं तुरुंगात काढलेला माणूस. मे २०११ ला मॉन्ट्रियलमध्ये, म्हणजे समोरच्याच्या घरात, जाँ पास्कलला हरवून ४६ व्या वर्षी विजेता. सगळ्यात वयस्क विश्वविजेता हा फोरमनचा विक्रम गेला. सातव्या राउंडच्या आधी पठ्ठ्यानं रिंगमध्येच जोर मारून दाखवले! ४८ ला टॅवोरिस क्लाउडला हरवलं, ४९ ला शुमेनोव्हला. आणि मार किती खाल्ला? फारसा नाहीच. समोरच्याचा पाय पडायच्या आधी हा बाजूला, जवळ आला की मिठी, सुटताना एक ठोसा. वजन बारा महिने आटोक्यात, दारू नाही, जागरण नाही. आपल्याकडं पहाटे उठून मेहनत करणारी पोरं जे पथ्य पाळतात तेच, फक्त यानं ते पन्नाशीपर्यंत पाळलं.

पांढरा_रस्सा:
हॉपकिन्सच्या लढती बघून मला झोप लागते, एवढंच बोलतो. मिठी मारायचे पैसे मिळत असते तर आमच्या गल्लीत चार विश्वविजेते निघाले असते.

आणि शेवट कुठं झाला तेही सांगा की. नोव्हेंबर २०१४ ला कोव्हालेव्हनं त्याला जवळजवळ प्रत्येक राउंडमध्ये हाणलं. डिसेंबर २०१६ ला ५१ व्या वर्षी जो स्मिथनं दोरांतून रिंगच्या बाहेर घालवला. अक्षरशः बाहेर. त्यात टायसनची ती जत्रा. ५८ वर्षांचा माणूस, समोर यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला २७ वर्षांचा जेक पॉल, दोन-दोन मिनिटांचे आठ राउंड, १४ औंसाचे जाड ग्लोव्हज. शनिवारी सकाळी आमच्या घरात सगळे पोहे घेऊन टीव्हीसमोर, आणि तिसऱ्या राउंडनंतर आई म्हणाली, "अरे त्या बिचाऱ्याला बसू द्या." आईला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही.

जुना_गडी_शाहूपुरी:
कुस्तीचा दाखला देताय म्हणून बोलतो. खासबागकर, तुम्ही खासबागच्या कुस्ती मैदानाचं नाव लावलंय, तर हे ठाऊक असायला पाहिजे. कुस्तीत डोक्यावर ठोसे नसतात. खांदा निखळंल, गुडघा जाईल, कान तर फुटतोच, पण माणूस स्वतःच्या नातवाला ओळखतो. दोन्हीला एकच माप लावू नका.

पण तुमच्या बाजूनंही एक सांगतो. मैदानात जोड कोण लावतं? जाणती माणसं, दोन्ही गड्यांना उभं करून, अंग बघून, गेल्या हंगामात कसा लढला ते आठवून. उतरत्या गड्याला नव्या दमाच्या पोरापुढं कुणी ढकलत नाही. त्याला त्याच्या तोडीचा गडी देतात, आणि तेही जमंना झालं की वस्तादच कुस्ती धरू देत नाही. बॉक्सिंगमध्ये जोड लावतो तो पैसा घालणारा. ३७ वर्षांच्या जो लुईसवर, जुन्या विश्वविजेत्यावर, कराचं कर्ज, म्हणून १९५१ ला तो मार्सियानोपुढं गेला आणि आठव्या राउंडला दोरांतून बाहेर पडला. तिथं वस्ताद असता तर त्याला पायरी चढू दिली नसती.

राजारामपुरीचा_पोरगा:
जुने गडी, शंभर टक्के. आता मेरी कोमचं कोण बोलणार? २०१८ ला दिल्लीत सहावं जागतिक सुवर्ण, तीन मुलांची आई, वय ३५. टोकियो ऑलिंपिकमध्ये ३८ व्या वर्षी व्हॅलेन्सियाकडून ३-२ अशी निसटती हार. मी तिच्या बाजूनं घसा कोरडा होईपर्यंत ओरडलो. पण तिच्या खेळात तीनच राउंड, आणि चाळिशीला दार बंद असा नियम. ती रेघ आहे म्हणून मला तिची काळजी वाटली नाही. व्यावसायिक बॉक्सिंगलाही तशीच रेघ ओढा, विषय संपला.

खासबागकर:
रेघ ओढलीस की फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाव बाद झाला. जुलै २०१९ ला ४० व्या वर्षी कीथ थर्मनला पहिल्याच राउंडला खाली बसवलं. थर्मन तोवर हरलेला नव्हता. २०२५ च्या जुलैत ४६ व्या वर्षी बॅरिओसशी बारा राउंड बरोबरी, तेही चार वर्षं घरी बसून आल्यावर. चाळिशीचा नियम असता तर यातलं काही दिसलं असतं का?

आणि मूरर-फोरमनच्या वेळीही एक संघटना हेच म्हणत होती. वय झालंय, मान्यता देत नाही. फोरमन नेवाडाच्या, म्हणजे लास व्हेगास ज्या राज्यात आहे तिथल्या, कोर्टात गेला, कोर्टानं त्याच्या बाजूनं हुकूम दिला, तेव्हा कुठं लढत झाली.

उत्तरेश्वरची_डॉक्टर:
मग त्याच नेवाडाचं १९८० पण बघा. होम्सच्या लढतीआधी जुलैत अलीची मेयो क्लिनिक या अमेरिकेतल्या मोठ्या रुग्णालयात तपासणी झाली होती. एका पायावर नीट उड्या मारता येत नाहीत, बोट नाकाला लावताना चुकतं, बोलण्यात किंचित जडपणा, हे सगळं लिहिलेलं होतं. तरी परवाना मिळाला. डंडीनं दहाव्या राउंडनंतर थांबवलं, पण थांबवायची वेळ जुलैतच आली होती. आणि गंमत बघा, १९९४ ला फोरमनच्या कोपऱ्यात उभा होता तोही डंडीच.

मला चाळीसची रेघही नको आणि कोर्टाचा हुकूमही नको. दर लढतीआधी तपासणी, जुन्या रिपोर्टशी ताडून. घसरण दिसली तर ३० व्या वर्षीही बंद, नाही दिसली तर ५० ला लढा.

खासबागकर:
हे मला चालेल ताई. पण रिपोर्ट वाचून "नाही" कोण म्हणणार? तिकिटं विकणारा प्रमोटर?

जुना_गडी_शाहूपुरी:
आता कसं मुद्द्यावर आलात.