किनाऱ्याच्या रेघेवरून उडताना हवाई क्षेत्राचे भान कसे राखावे?

सडा_आणि_समुद्र

सप्रेम नमस्कार. माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना असून माझे सारे प्रशिक्षण खानदेशात झाले. तिथे खाली सपाट शेते असत, आकाशात आमच्याच क्लबची चार-दोन विमाने असत आणि कोण कुठे आहे हे रेडिओवर सतत कानी पडत असे. गेल्या हिवाळ्यापासून मी एका मित्राच्या सेस्ना 172 मधून जुहूहून सिंधुदुर्गातल्या चिपीपर्यंत, दिवसा आणि दृश्य नियमांनुसार (म्हणजे बाहेर नजर ठेवून) उडू लागलो आहे.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी जयगडच्या खाडीपाशी, 1000 फुटांवर, बरोबर किनाऱ्याच्या रेघेवरून दक्षिणेकडे जात असताना समोरून एक हेलिकॉप्टर आले. मला ते दिसलेच नाही. शेजारी बसलेल्या मित्राने ओरडून दाखवले तेव्हा मी उजवीकडे वळलो आणि ते आमच्या डावीकडून, मनात धडकी भरेल इतक्या जवळून निघून गेले. फ्लाइट प्लॅन दाखल केलेला होता, परवानग्या होत्या, नोटाम (वैमानिकांसाठीच्या ताज्या सूचना) वाचले होते. रत्नागिरीशी बोलायला अजून अवकाश आहे असे समजून मी रेडिओवर मात्र गप्प होतो. कागद पूर्ण असूनही हे घडले, तेव्हा आमचे नेमके कुठे चुकले हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टॉवरमधून_निवृत्त

आपण हे मोकळेपणाने लिहिलेत याबद्दल आभारी आहे, कारण असे प्रसंग बहुधा मित्रांमध्येच सांगितले जातात आणि तिथेच विरतात. मी हवाई वाहतूक नियंत्रणात काम केले आहे, म्हणून त्याच बाजूने लिहितो.

कोकण किनारा नकाशावर मोकळा दिसला तरी तो मोकळा नाही. रत्नागिरीची धावपट्टी तटरक्षक दलाकडे आहे. चिपीचा सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला. गोव्यातल्या मोपावरून जानेवारी 2023 पासून नियमित विमाने जातात. आणि दाबोळी हा मुळात नौदलाचा आयएनएस हंसा हा तळ आहे. चिपी ते मोपा हे सरळ अंतर सुमारे 45 किलोमीटर आणि मोपा ते दाबोळी सुमारे 40 किलोमीटर, म्हणजे आपल्या सेस्नाला प्रत्येक टप्प्यास जेमतेम पाव तास लागतो. या पाव तासात आपल्याला एका नियंत्रकाचा निरोप घेऊन दुसऱ्याची परवानगी मिळवायची असते. शिवाय समुद्रावर सरावाच्या गोळीबारासाठी क्षेत्रे बंद होतात, त्यामुळे कालचा नोटाम आज चालत नाही.

आपली चूक मला कागदांत दिसत नाही, ती आपल्या मौनात दिसते. फ्लाइट प्लॅन नियंत्रकापाशी असतो. समोरून येणाऱ्या वैमानिकाच्या कानात आपला आवाज पडला तरच त्याला आपण तिथे आहोत हे कळते. ट्रान्सपाँडर (रडारला आणि इतर विमानांना उत्तर देणारे यंत्र) उंची दाखवणाऱ्या मोडवर सुरू होता का, हेही तपासावे. तो बंद असेल तर मोठ्या विमानांच्या टक्कररोधक यंत्रणेच्या दृष्टीने आपण आकाशात नसतोच. आणखी एक गोष्ट, जी मला वर्षानुवर्षे खटकत आली आहे: आपले वैमानिक रेडिओवर "गणपतीपुळ्यावर आहे" असे सांगतात. केरळहून किंवा पंजाबहून आलेल्या चालकाला गणपतीपुळे कुठे आहे हे कसे कळावे? धावपट्टीपासूनचे अंतर, दिशा आणि उंची सांगावी. गावाचे नाव हवे तर त्यानंतर जोडावे.

जुना_प्रशिक्षक

वरील प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे. नजरेविषयी थोडे लिहितो. आपल्या सेस्नाचा वेग 110 नॉट (ताशी सागरी मैल) आणि हेलिकॉप्टरचा 120 नॉट धरला, तर दोघे एकमेकांकडे सेकंदाला जवळजवळ 118 मीटर सरकत होता. समोरची वस्तू दिसणे, ती विमान आहे हे उमगणे, निर्णय घेणे आणि विमान प्रत्यक्ष वळणे यासाठी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने 12.5 सेकंद धरले आहेत. एवढ्या वेळात तुमच्यातले दीड किलोमीटर अंतर संपते. दुपारच्या खाऱ्या, धुरकट हवेत समोरून येणारे हेलिकॉप्टर दीड किलोमीटरवर म्हणजे एक बारीक ठिपका असतो, आणि ज्याच्याशी खरोखर टक्कर व्हायची असते तो ठिपका काचेवर सरकत नाही. सरकणारी गोष्ट डोळा चटकन टिपतो, पण स्थिर ठिपका तो काचेवरच्या डागासारखा सोडून देतो.

समुद्रावर यात आणखी एक अडचण येते. रिकाम्या आकाशात डोळ्यांना धरायला काहीच नसते, त्यामुळे नजर आपोआप एक-दोन मीटरवर स्थिरावते आणि आपण पाहत असूनही दूरचे दिसत नाही. दर थोड्या वेळाने दूरच्या ट्रॉलरवर किंवा एखाद्या भूशिरावर नजर टेकवावी, मग आकाशाचे दहा-दहा अंशांचे तुकडे करून प्रत्येकावर निदान एक सेकंद थांबावे.

किनाऱ्याची रेघ सर्वांनाच सोयीची असते, म्हणून सारे तिच्यावरच येतात. रेघ नेहमी आपल्या डाव्या हाताला ठेवावी: दक्षिणेकडे जाताना आपण किंचित समुद्रावर असू आणि उत्तरेकडे येणारा जमिनीवर असेल. एकाच इंजिनाचे विमान असल्याने समुद्रात फार आत जाऊ नये. 172 ला 1000 फुटांवरून साधारण दीड सागरी मैल तरंगत येता येते, तेव्हा 1500 फुटांवर एक मैल आत राहणे मला सुरक्षित वाटते.

मालवणचा_ड्रोनवाला

मी विमान उडवत नाही, पर्यटनाच्या चित्रणासाठी ड्रोन उडवतो, तरीही इथे लिहिणे मला आवश्यक वाटते. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येते, आणि विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फूट आहे. लहान विमानांसाठी जमिनीपासून किंवा पाण्यापासून 500 फूट ही सर्वसाधारण किमान उंची आहे, म्हणजे आपल्या दोघांमध्ये केवळ 100 फूट उरतात.

कोकणात हे 100 फूटही खरे नाहीत. आमचे यंत्र बहुधा उड्डाणाच्या जागेपासून उंची मोजते. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीसारख्या ठिकाणी किंवा एखाद्या सड्याच्या (खडकाळ पठाराच्या) टोकावर, समजा समुद्रापासून 200 फुटांवर, उभे राहून एखाद्याने ड्रोन 400 फूट चढवून समुद्राकडे वळवला, तर पडद्यावर 400 चा आकडा दिसत असला तरी पाण्यापासून ड्रोन 600 फुटांवर असतो. हे नियमाबाहेर आहे, परंतु अनेकांच्या ते लक्षातही येत नाही. दोन किलोंचे पांढरे यंत्र आपल्याला समोरून दिसणार नाही. कृपया किनाऱ्यावर 500 फुटांच्या आसपास येऊ नका.

जुना_प्रशिक्षक

हा मुद्दा मोलाचा आहे, आणि त्यात उंचीमापकाची भर घालतो. आपल्याकडे हवेचा दाब सकाळी दहाच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि दुपारी चारपर्यंत साधारण 3 ते 4 हेक्टोपास्कल उतरतो. एक हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे 28 फूट. सकाळचाच क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब, जो उंचीमापकात लावतात) ठेवून दुपारी परत निघालात, तर उंचीमापक 500 फूट दाखवील तेव्हा आपण प्रत्यक्षात 400 फुटांच्या जवळ असाल, म्हणजे नेमके ड्रोनच्या पट्ट्यात. प्रत्येक टॉवरकडून ताजा क्यूएनएच मागून घ्यावा.

सडा_आणि_समुद्र

आपणा सर्वांचा अत्यंत ऋणी आहे. त्या दुपारी मी जुहूला लावलेला सकाळचाच क्यूएनएच बदललेला नव्हता, हे आता आठवते. यापुढे 1500 फूट आणि किनारा डाव्या हाताला, असे ठरवतो. एक शंका उरते: जयगडपाशी असताना रत्नागिरीला नेमके काय सांगावे, आणि तिकडून उत्तर आले नाही तर काय करावे?

टॉवरमधून_निवृत्त

"रत्नागिरीच्या उत्तरेस 17 मैल, किनाऱ्याच्या पश्चिमेस एक मैल, 1500 फूट, दक्षिणेकडे" इतके पुरे आहे. उत्तर आले नाही तर तेच पुन्हा बोलावे, कारण ऐकणारा टॉवरमध्येच असेल असे नाही. तरीही शांतता राहिली, तर विमानतळाच्या नियंत्रण क्षेत्राबाहेरच थांबावे, वारंवारता आणि टॉवर सुरू असण्याच्या वेळा पुन्हा तपासाव्यात, आणि परवानगी कानांनी ऐकल्याशिवाय आत शिरू नये.