१:१४४ जंबो: भर पावसाळ्यात ग्लॉस पांढरा कसा मारायचा?

चिकटपट्टी
मंडळी, रेव्हेलचं बोइंग ७४७-२०० (जंबो) चं १:१४४ मापाचं प्लास्टिक मॉडेल किट घेतलंय, एअर इंडियाचं जुनं रूप करायचंय, तेच लाल झरोक्यांच्या खिडक्यांचं, डेकल्स (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) हातात आहेत. फ्यूजलाज (विमानाचं धड) जोडून, सांध्याला पुट्टी लावून घासून झालं, ग्रे प्रायमरही बसला, गाडी अडलीये ती पांढऱ्यावर. टॅमियाचा ग्लॉस पांढरा, एक्स-२, त्यांच्याच थिनरने पातळ करून प्लास्टिकच्या चमच्यांवर मारून बघतोय, चमच्याच्या पोटात बरा बसतो पण कडेला बोट फिरवलं की बारीक रवा लागतो. एअरब्रश ०.३ मिमी नोझलचा, कंप्रेसर टाकीवाला, प्रेशर २५ पीएसआय. ठाण्यात राहतो, बाहेर धो धो चालू आहे. सरळ दसऱ्यापर्यंत थांबू का? आणि आधी पांढरा की आधी विमानाच्या पोटाचा चंदेरी?

नोझल०३
२५ फार झालं रे. थेंब प्लास्टिकवर पोचायच्या आत अर्धा वाळतो, तोच तुझा रवा. १५ वर आण, ब्रश ७-८ सेंटीमीटरवर धर आणि मिस्टर कलरचं लेव्हलिंग थिनर घे, एक्स-२ ला व्यवस्थित चालतं, एक भाग रंगाला दोन भाग थिनर. पहिले दोन हात नुसते धुक्यासारखे, खालचा ग्रे दिसला तरी दिसू दे, मध्ये दहा-पंधरा मिनिटं जाऊ दे, मग शेवटचा ओला हात. त्या वेळी ट्यूबलाइटची रेघ रंगात दिसायला लागते, ती दिसली की हात पुढे सरकवायचा, तिथेच घोटाळलास तर ओघळ आलाच.

कोकणकडा
वरचं बरोबर, पण पावसाळ्याचं वेगळं प्रकरण आहे. थिनर भराभर उडालं की सरफेस गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि ग्लॉस धुरकट होतो. लेव्हलिंग थिनर हळू उडतं म्हणून थोडं वाचतो आपण. आधी तासभर एसी ड्राय मोडवर लावून खोली कोरडी कर, मग एक्झॉस्ट लावून फवार. मॉइश्चर ट्रॅप (कंप्रेसरच्या हवेतलं पाणी अडवतो तो) मधूनमधून रिकामा कर नाहीतर ब्रश पाणी थुंकेल. आणि मास्क एन-९५ नको, तो कण अडवतो, वाफ नाही, ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिजवाला घे. मारून झालं की वर कपड्यांचा टब उपडा घाल, धूळ बसत नाही.

डबेवाला
एवढा खटाटोप कशाला? टॅमियाचा टीएस-२६ पांढरा स्प्रे कॅन, कोमट पाण्यात पाच मिनिटं, दोन हात, विषय संपला.

नोझल०३
@डबेवाला कारच्या मॉडेलला ठीक आहे हो, १:१४४ ला पॅनेल लाइनी (पत्र्याच्या जोडांच्या कोरलेल्या रेघा) बुजतात. अगदीच वापरायचा तर रंग भांड्यात काढून, गॅस जाऊ देऊन एअरब्रशने मारावा.

सांताक्रूझ_रनवे
आधी पांढराच. दोन दिवस कडक होऊ दे मग मास्किंग कर, आणि टेपच्या कडेवरून पुन्हा पांढऱ्याचाच हलका हात फिरव, झिरपायचं ते पांढरं झिरपेल, मग वरून चंदेरी. पंख मात्र एका ग्रेमध्ये उरकू नकोस, लोक झरोक्यांवर जीव ओततात आणि पंख पत्र्यासारखे सपाट सोडतात. मधल्या मोठ्या पॅनेलवर कोरोगार्डचा (गंजरोधक लेपाचा) गडद राखाडी, पुढची कड चकचकीत उघडं अ‍ॅल्युमिनियम. एअर इंडियाचं 'सम्राट अशोक' जंबो करतोयस का, नोंदणी व्हीटी-ईबीडी? ते १९७१ ला आलं आणि १ जानेवारी १९७८ ला वांद्र्यासमोर समुद्रात गेलं, म्हणजे तेवढ्याच वर्षांतले फोटो बघायचे. नंतरच्या जंबोंवरून वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजल्यास तर फसशील.

चिकटपट्टी
हो, ईबीडीच. नुसतं प्रेशर उतरवून ब्रश जवळ घेतला तर आत्ताच चमचा बराच गुळगुळीत आलाय, थिनर मागवतो. बायको म्हणते घरात एसी विमानासाठी लागतो, माणसांसाठी नाही. डेकलआधी क्लिअर (पारदर्शक थर) मारू का?

सांताक्रूझ_रनवे
वहिनींचं बरोबर आहे 😄 पांढरा काचेसारखा आला तर आधी क्लिअर नको, थेट डेकल, क्लिअर नंतर. आणि झरोक्यांची पट्टी एका दमात लावायला जाऊ नकोस, दारापाशी कापून तुकड्यातुकड्याने बसव, मायक्रो सोल (डेकल मऊ करायचं द्रावण) लागलं की ती मऊ पडते, मग हलवायला गेलास की फाटते.