मदत हवी आहे: लोखंडी ट्रेवरचे पॅसिव्ह आरएफआयडी टॅग लांबून वाचायचे आहेत

नमस्कार मंडळी. भोसरीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये लोखंडी ट्रेंवर यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) पॅसिव्ह टॅग लावलेत, म्हणजे स्वतःची बॅटरी नसलेले, रीडरच्या रेडिओ लहरींवरच जागे होऊन आपला क्रमांक कळवणारे. पुठ्ठ्यावर चिकटवलेला टॅग चार-पाच मीटरवरून सहज वाचला जातो. तोच ट्रेवर लावला की हातभर अंतरावरही गप्प! धातूमुळे टॅगचा अँटेना डीट्यून होतो (ठरलेल्या वारंवारतेवरून सरकतो) आणि चिपला जागं व्हायला पुरेशी ऊर्जा मिळत नाही, एवढं कळतं. रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा आहे, पॉवर नियमाबाहेर वाढवायची नाही. ऑन-मेटल (खास धातूवर लावायला बनवलेले) टॅगच घ्यावेत, की मध्ये फोमचा थर देऊन भागेल? मिलर-४ एन्कोडिंग (टॅगने रीडरला उत्तर पाठवायची एक पद्धत) ठेवलं तर डेटा सावकाश पण खात्रीने येतो म्हणतात, पण चिपच जागी होत नसेल तर त्याचा उपयोग काय? ट्रे कसेही फिरतात म्हणून रीडरचा अँटेना सर्क्युलर पोलरायझेशनचा (टॅग आडवा-उभा कसाही असला तरी वाचणारा) ठेवलाय. कूलंटच्या चिकचिकाटात कुणी हे चालवलं असेल तर जरूर सांगा.