पप्पांसाठी मिस्सा कशाला?

वसईहून प्रश्न: पप्पा पावसाळ्यात गेले. अगदी देवभिरू माणूस. तरी मम्मी २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, त्यांच्यासाठी मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) मागतेय. ते स्वर्गात नाहीत का? रात्री हेच मनात येतं.

उत्तर: घाबरू नका. शुद्धिस्थानातला, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी शुद्ध होत असलेला, आत्मा तारला गेलेलाच असतो. तिथून वाट फक्त स्वर्गाकडे जाते. किती काळ लागतो, हे चर्चने ठरवलेलं नाही. ट्रेंटच्या परिषदेने (कॅथलिक बिशपांच्या सभेने) १५६३ मध्ये एवढंच सांगितलं की शुद्धिस्थान आहे आणि आपल्या प्रार्थनांनी, विशेषतः मिस्साने, तिथल्या आत्म्यांना मदत होते. कॅथलिक बायबलमधला मक्काबी दुसरा ग्रंथ, अध्याय १२ जरूर वाचा, त्यात मृतांसाठी केलेली प्रार्थना आहे.

दुसरं उत्तर, वेंगुर्ल्याहून: ते पोचले असले तरी प्रार्थना वाया जात नाही. मम्मीसोबत दफनभूमीत जा, झेंडूही न्या.

प्रश्नकर्ता: जातो. मिस्सा सकाळची सांगितलीय.