मदत हवी आहे: पेंटिंगचं पेटी कॉन्ट्रॅक्ट, रिटर्नमध्ये ६ टक्के दाखवू की खरा नफा?

नमस्कार मंडळी, यंदा (२०२५) इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली म्हणून निवांत होतो, आता डोक्याला ताप झालाय. मी वाकड-हिंजवडी साईडला बिल्डिंग पेंटिंगची कामं पेटी कॉन्ट्रॅक्टवर घेतो. मेन कॉन्ट्रॅक्टर वेगळा, पुट्टी-प्रायमर-कलर त्याचा, माणसं माझी, स्क्वेअर फुटाचा रेट ठरलेला.

२०२४-२५ ची माझी बिलं झाली १८ लाख ६० हजार. त्यातून १ टक्का टीडीएस (बिलातूनच आधी कापलेला टॅक्स) म्हणजे १८,६०० गेला आणि ५ टक्के रिटेन्शन म्हणून ९३ हजार अडकवून ठेवलेत, एक पावसाळा गेल्यावर देणार म्हणे (ओल प्लंबिंगमुळे आली तरी पैसे पेंटरचेच अडकतात, असो). बँकेत आले १७,४८,४००. शिवाय ओळखीतल्या फ्लॅटची कामं केली त्याचे १ लाख २० हजार रोख.

खर्चाचं म्हणाल तर पोरांचा पगार दर शनिवारी रोख, मधे कोणाच्या घरी आजारपण कोणाचा सण म्हणून उचल चालूच असते, ते सगळं हजेरीच्या वहीत आहे, पुढे सही नाहीतर अंगठा. बाकी झुल्याचं (उंच भिंत रंगवायला लटकवतात तो) भाडं, रोलर, पॉलिश पेपर, टेम्पो, पेट्रोल, याची निम्मी बिलं आहेत निम्मी नाहीत. सगळं जाऊन वर्षाला पाचेक लाख उरतात.

सीए म्हणतो ४४ एडी (छोट्या धंद्याला ठराविक टक्के नफा धरू देणारं कलम) खाली ६ टक्के टाक, उत्पन्न सव्वा लाख येतं, टॅक्स शून्य, विषय संपला. पण मला पुढच्या वर्षी होम लोन करायचंय, सव्वा लाखाच्या रिटर्नवर कोण दारात उभं करणार? आणि एक मित्र म्हणतो खर्च दाखवायचा तर आयटीआर ३ (पूर्ण हिशेबाचा रिटर्न फॉर्म) भर, ऑडिट लागेल, रोख पगार तर कोणी मानणारच नाही. मग करू काय? ते ९३ हजार धरायचे का? आणि मेन कॉन्ट्रॅक्टर जीएसटी नंबर काढ म्हणून मागे लागलाय ते वेगळंच.

प्रतिसाद १:
दादा, तुमचा मित्र आणि सीए दोघं अर्धं अर्धं सांगतायत. ४४ एडी मध्ये बँकेतून आलेल्या रकमेवर किमान ६ टक्के आणि रोखीवर किमान ८ टक्के नफा धरायचा असतो. किमान! त्यापेक्षा जास्त कमावला असेल तर जास्तच दाखवायचा असं कायद्यातच आहे. म्हणजे पाच लाख उरले तर आयटीआर ४ (४४ एडी वाल्यांचा साधा फॉर्म) मध्येच पाच लाख टाका, आयटीआर ३ नको, ऑडिट नको. ऑडिटची भानगड ६-८ टक्क्यांपेक्षा कमी नफा दाखवून बाहेर पडलात तर, आणि तसं केलं की पुढची पाच वर्षं परत ४४ एडी मिळत नाही.

खर्च वेगळा क्लेम करता येत नाही, तो त्या नफ्यातच गेला असं धरतात. त्यामुळे एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख दिले तर खर्च मान्य नाही, हा नियम तुम्हाला इथे आडवा येत नाही. वही मात्र फेकू नका, पाच लाखाचा आकडा कुठून आला हे उद्या कोणी विचारलं तर तीच दाखवायची.

आता गंमत बघा. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी नवीन रिजीममध्ये (टॅक्स दरांचा नवा पर्याय) पाच लाखावर टॅक्स होतो १० हजार, पण त्या वर्षाला ७ लाखांपर्यंत ८७ ए कलमाची टॅक्समाफी आहे, म्हणजे शून्य. सव्वा लाख दाखवा की पाच, टॅक्स तेवढाच आणि १८,६०० पूर्ण रिफंड. फुकटात चांगलं रिटर्न मिळतंय तर कमी कशाला दाखवता?

जीएसटीला सर्व्हिसची लिमिट २० लाख, तुमचे सगळे मिळून १९ लाख ८० हजार झाले. थोडक्यात वाचलात, चालू वर्षात मात्र दर महिन्याला बेरीज करत राहा.

प्रतिसाद २:
मी फॅब्रिकेशनवाला. बँकवाले दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागतात, एकदम एका वर्षी उडी दिसली की शंभर प्रश्न. त्यामुळे यंदापासूनच खरं दाखवा. आणि रिफंडसाठी पोर्टलवर बँक खातं व्हॅलिडेट करून ठेवा, रिटर्न भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय पण करा, माझा भाऊ ते विसरला आणि बसला वाट बघत.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार, बरंच क्लिअर झालं. रिटेन्शनचं तेवढं राहिलं बघा.

प्रतिसाद १:
हो, ते राहिलंच. २६ एएस (तुमच्या नावावर कापलेल्या टीडीएसचं सरकारी स्टेटमेंट) उघडून बघा, १८ लाख ६० हजारच दिसत असतील, कारण टीडीएस पूर्ण बिलावर कापलाय. टर्नओव्हर तेवढाच दाखवा, म्हणजे आकडे जुळतात आणि टीडीएस पूर्ण मागता येतो. ९३ हजार हातात येतील त्या वर्षी ते परत धरू नका, फक्त सीएला आत्ताच लिहून द्या, नाहीतर तो बँक स्टेटमेंट बघून दुसऱ्यांदा टाकेल.