शब्दचर्चा: 'सेल्फ-होस्टिंग'साठी 'यजमान' चालेल का?

टिळकवाडीकर
आमच्या वाचनालयात घरचे फोटो, गाणी आणि ई-पुस्तके दुसऱ्याच्या सेवेवर न ठेवता आपल्याच संगणकावर कशी सांभाळावीत, याचा एक छोटा वर्ग होणार आहे. त्याचे दोन पानी टिपण मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापायचे असून मराठीचे काम माझ्याकडे आले आहे. 'सेल्फ-होस्टिंग'पाशी मी अडलो. होस्ट म्हणजे यजमान, म्हणून मी 'स्वयंयजमानी' असे लिहिले, तर टिपण तपासणाऱ्या निवृत्त गुरुजींनी त्याखाली तांबडी रेघ ओढून समासात विचारले, "पाहुणे कोण येणार आहेत?" कन्नड बाजू लिहिणाऱ्या शेजाऱ्यांना मात्र शब्द पसंत पडला, कारण त्यांच्याकडे 'यजमान' म्हणजे घराचा धनी, मालक. कोणाचे ऐकावे?

खानापूरचा वाचक
गुरुजींची रेघ बरोबर आहे, कारण मात्र चुकले आहे. 'यजमान' हे 'यज्' धातूचे आत्मनेपदी रूप आहे. पुरोहित दुसऱ्यासाठी यज्ञ करतो तेव्हा 'यजति' आणि ज्याला फळ मिळायचे तो स्वतःसाठी करतो तेव्हा 'यजते', हा भेद पाणिनीच्या सूत्रातून येतो. 'स्वतःसाठी' हा अर्थ शब्दाच्या पोटातच असताना त्याला वर 'स्वयं' जोडणे म्हणजे पिवळा पीतांबर झाला. नुसते 'यजमान' लिहावे. सत्यनारायणाला भटजी "यजमान कुठे आहेत?" असे विचारतात, तेव्हा पूजा कोणाच्या नावाची आहे एवढेच ते विचारत असतात, पाहुण्यांचा तेथे काही संबंध नसतो.

येळ्ळूरची सून
आमच्या सासूबाई सासऱ्यांचा उल्लेख 'आमचे यजमान' असाच करतात. त्यामुळे 'वीज गेली की यजमान बंद पडतात' हे वाक्य टिपणात छापण्यापूर्वी कृपया एकदा मोठ्याने वाचून पाहावे.

मुलाच्या बारशाचे माझे फोटो एका सेवेवर होते. ती सेवा बंद होणार असल्याची सूचना मी कधीच न उघडणाऱ्या जुन्या ईमेलवर आली आणि मुदत टळल्यावर मला ती दिसली. तेव्हापासून जुन्या लॅपटॉपला दोन टेराबाइटची डिस्क जोडून तो मी कपाटावर ठेवला आहे आणि घरात त्याला सगळे 'घरचा सर्व्हर' म्हणतात. घरचे दूध, घरची ज्वारी, तसा घरचा सर्व्हर. याला संस्कृत कशाला हवे?

निपाणीकर
'घरचा' म्हटल्याने जागा कळते, हक्क कळत नाही. तंबाखूच्या गावात वाढलेल्या माणसाला हा भेद वेगळा शिकवावा लागत नाही, कारण माल शेतकऱ्याचा असला तरी वखार व्यापाऱ्याची असते आणि किल्ली ज्याच्या कनवटीला असेल, त्याचेच खरे होते. क्लाउडला 'परक्याची वखार' आणि सेल्फ-होस्टिंगला 'आपली वखार' म्हणावे, असे मी सुचवतो.

खरी अडचण मला दुसऱ्याच शब्दाची वाटते. ई-पुस्तक आपण 'विकत घेतले' असे म्हणतो, ते बरोबर आहे का? जुलै २००९ मध्ये अमेझॉनने ऑर्वेलच्या दोन पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याकडेच हक्क नव्हते हे कारण खरे होते आणि पैसेही परत मिळाले, तरी छापील पुस्तक नेण्यासाठी कोणाला रात्रीतून माझ्या कपाटात शिरता आले नसते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू आहे की ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर तसे स्पष्ट सांगितल्यावाचून दुकानाला 'बाय' हा शब्द वापरता येत नाही. टिपणात 'मालकी' लिहिण्यापूर्वी याचा विचार व्हावा.

वडगावकर
'मालक' हा शब्द अरबी आहे. राज्यव्यवहारकोश रचला गेला त्याला तीन शतके उलटून गेली, तरी आपण अजून 'मालकी'तच अडकलो आहोत. 'स्वामित्व' लिहावे.

खानापूरचा वाचक
तो शब्द आधीच गुंतलेला आहे. 'स्वामित्वहक्क' आपण कॉपीराइटला म्हणतो आणि 'स्वामित्वधन' रॉयल्टीला. वाचकाकडे पुस्तकाचे स्वामित्व आहे असे लिहिले, तर त्याला ते छापून विकण्याचाही अधिकार आहे असा अर्थ होईल. वाचकाची मालकी त्याच्या प्रतीपुरती असते. तेवढ्या बळावर तो कागदी प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकू शकतो. कुलूप घातलेल्या ई-पुस्तकाचे त्याला तेही करता येत नाही.

अनगोळचा निवृत्त कारकून
सर्व शब्द महसूल खात्यात तयार पडलेले असताना ही शोधाशोध कशासाठी चालली आहे? जमीन एकाची आणि कसणारा दुसरा, तर तो कूळ. कसणे आणि उपभोगणे ही वहिवाट. प्रत्यक्ष ताबा तो भोगवटा. ई-पुस्तकाचा भोगवटा मिळतो, मालकी मिळत नाही, इतके सरळ आहे.

निपाणीकर
मग वाचकाला 'कूळ' म्हणावे का?

अनगोळचा निवृत्त कारकून
मुळीच नाही, तो कुळांचा अपमान होईल. १९७४ च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात कसणारा कूळ धनी झाला, 'उळुववने ओडेय' ही घोषणा आम्ही भिंतींवर वाचलेली आहे. ई-पुस्तक वीस वर्षे कसले तरी वाचकाच्या नावावर एक ओळही चढत नाही.

येळ्ळूरची सून
धनी! हा शब्द दोन्ही टिपणांत जसाच्या तसा चालेल, कन्नडमध्ये फक्त 'धणि' होईल. परंतु सासूबाईंची अडचण येथेही कायम राहते.

वडगावकर
निदान 'बॅकअप'ला तरी मराठी शब्द ठरवा.

अनगोळचा निवृत्त कारकून
'उतारा'. मुळातून उतरवून घेतलेली नक्कल तो उतारा. आपल्या भागात जमिनीच्या कागदाला कन्नड माणूसही 'उतार'च म्हणतो, त्यामुळे भाषांतराचे श्रम वाचतील.

टिळकवाडीकर
टिपणात नियम असा आहे की एकूण तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर ठेवावी. 'एक उतारा घराबाहेर ठेवावा' हे वाक्य मी आत्ताच गुरुजींना दाखवले. त्यावर त्यांनी लिहिले आहे, "अमावास्येला की पौर्णिमेला? आणि मागे वळून पाहायचे नाही, हेही घाला."