रवि-सोम मुंबई, आई-बाबांसोबत (नाशिक, आपला सोसायटी ग्रुप)

ए-२०४: मंडळी, आई-बाबा गावाहून आलेत, मुंबई कधी पाहिली नाही. रविवारी भायखळ्याची राणीची बाग, सोमवारी एलिफंटा. मुक्काम बोरिवलीला मावसभावाकडे. बाबांचा हट्ट, लोकलनंच फिरायचं. काही सांभाळायचं असेल तर सांगा 🙏

सी-५०१: एलिफंटा सोमवारी बंद असतं रे! अदलाबदल कर. राणीची बाग बुधवारी बंद, सोमवारी चालेल.

ए-२०४: काका, वाचवलंत.

बी-१०३: बोटीत बसल्याबसल्या लाइफ जॅकेट मागून घ्या भाऊ, कंटाळा करू नका. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट धडकली ती याच मार्गावरच्या बोटीला. तिथे पायऱ्या शंभराच्या वर आहेत. काकूंचे गुडघे दुखत असतील तर डोली मिळते, भाव आधी ठरवा. आणि माकडं! आमच्या ह्यांच्या हातातलं अर्धं कणीस गेलं.

डी-३०२: अकरा वर्षं वसई-चर्चगेट केलंय म्हणून सांगतो. बोरिवलीला जायला संध्याकाळी विरार फास्ट धरू नकोस. माझ्या सासऱ्यांना एकदा दादरला चढवलं. बोरिवली आलं, पण दारातली विरारची मंडळी हलेनात, वर "बोरिवली गाडी नव्हती का?" सासरे उतरले थेट भाईंदरला, एका चपलेनिशी. तू गेटवेहून टॅक्सीनं चर्चगेट गाठ, तिथूनच सुटणारी बोरिवली पकड, बसायला मिळेल. रविवारी मेगाब्लॉक असतो, आदल्या रात्री बघून ठेव.

ए-२०४: आणि सोमवारी बोरिवलीहून भायखळा?

डी-३०२: गर्दी ओसरल्यावर, ११ नंतर निघ. दादरला बदल. प्लॅटफॉर्म १ ते ७ वेस्टर्न, ८ ते १४ सेंट्रल. पूर्वी दोन्हीकडे एक नंबर असायचा, अर्धा जन्म त्यात गेला. आईंना एकट्या लेडीज डब्यात चढवू नकोस, चुकामूक होते.

बी-१०३: दारात उभं राहून मोबाईल काढू नका. फटका गँग रुळाशेजारून काठी मारते, फोन खाली.

सी-५०१: गेटवेला रिक्षा शोधत बसू नकोस. बांद्रा-सायनच्या पुढे शहरात रिक्षाच नाही. काळी-पिवळी, मीटर डाउन करायला लावून.

ए-२०४: सगळं वाचून दाखवलं. बाबा म्हणतात, लोकलनंच जायचं, पण चप्पल नको, बूट काढ.